समुद्रांत पडलेला माणूस

समुद्रप्रवासाच्या इतिहासांत वादळें, टकरी, आगी आणि आरमारी युद्धें यांचीं वर्णनें विपुल आढळतात. कारण त्यांत जहाजेंच्या जहाजें नाहींशीं होतात आणि इतिहासकारास त्यांची दखल घेणें भागच पडतें. एकटा माणूस कठड्यावरून घसरून पाण्यांत पडला, ही गोष्ट मात्र जहाजाच्या रोजनिशींत एका ओळीपेक्षां अधिक जागा सहसा अडवीत नाहीं. तारीख, वाऱ्याची दिशा, माणसाचें नांव. आणि पुढच्या ओळीपासून नित्याचा कारभार सुरू. असें असलें तरी या एका ओळीमागें जें घडतें त्याचा उलगडा होण्यास माणसाला जवळजवळ चार शतकें लागलीं, आणि तो उलगडा अजूनही सर्वसामान्य वाचकापर्यंत पुरता पोंचलेला नाहीं. समुद्रांत कोणी पडून मेला असें ऐकतांच आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्यास पोहतां येत नव्हतें काय?

हा प्रश्न विहिरीच्या आणि नदीच्या कांठावर वाढलेल्या माणसाचा आहे. विहिरींत पडलेल्यास चार हातांवर पायरी असते, नदींत पडलेल्यास पैलतीर नाहीं तरी ऐलतीर असतें. पोहणें म्हणजे कोठेंतरी जाणें. खुल्या समुद्रांत जाण्याचें ठिकाणच नसतें. जें एक ठिकाण होतें तें शिडें फुगवून पुढें निघून गेलेलें असतें. जुन्या युरोपीय खलाशांपैकीं पुष्कळांस पोहतां येत नसे, आणि शिकण्याची त्यांस हौसही नव्हती. पोहतां आल्यानें मरण टळत नाहीं, केवळ लांबतें, अशी त्यांच्यांत एक समजूत होती. आपण तिला अडाणीपणा म्हणून हंसतो. पण तीमागें पिढ्यापिढ्यांचा अनुभव होता, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

मराठी वाचकाच्या मनांत समुद्रांतील उडी म्हटली कीं मार्सेय बंदरांतील ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी उभी राहते. त्या साहसाचें मोल येथें कमी लेखावयाचें नाहीं. परंतु तेथें ‘मोरिया’ बोट बंदरांत उभी होती, ऋतु उन्हाळ्याचा होता, धक्का डोळ्यांसमोर होता आणि उडी घेणाराचा निश्चय आधींच झालेला होता. त्या उडींत भय होतें तें पाण्याचें नव्हे, पाठलाग करणाऱ्या शिपायांचें. खुल्या समुद्रांत पडणाऱ्याची गोष्ट प्रत्येक बाबतींत याच्या उलट असते. तो न ठरवितां पडतो, चालत्या जहाजावरून पडतो, आणि त्याचा पाठलाग व्हावा हीच त्याची एकमेव आशा असते.

इंग्लंडच्या कमोडोर जॉर्ज ॲन्सन याच्या सफरींतील एक प्रसंग या विषयाचा जणूं मूळ दाखला आहे. स्पेनच्या पॅसिफिक महासागरांतील मुलखावर हल्ला करण्यासाठीं ॲन्सन सहा युद्धनौका घेऊन सप्टेंबर १७४० मध्यें इंग्लंडहून निघाला. मार्च १७४१ मध्यें हीं जहाजें केप हॉर्नला वळसा घालूं लागलीं आणि एकामागून एक वादळांत सांपडलीं. रक्तपिती रोगानें खलाशी आधींच खचूं लागले होते. ‘सेंचुरियन’ या मुख्य जहाजावर एकही शीड उभारतां येईना. उभारलें तर तें वाऱ्यानें फाडून नेलें असतें. जहाजाचें तोंड तर फिरविणें अवश्य होतें. तेव्हां एक विलक्षण उपाय योजण्यांत आला. सुकाणू वळवून खलाशांस पुढील डोलकाठीच्या आधारदोरांवर चढवून दाटीनें उभें करण्यांत आलें, कीं त्यांच्या अंगांवरच वारा अडावा आणि जहाजाचें तोंड वळावें. माणसांचेंच शीड करण्यांत आलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. उपाय सफल झाला, जहाज वळलें. मात्र त्या दोरांवरील एक खलाशी झोक्यासरशी समुद्रांत फेकला गेला.

या सफरीचा वृत्तान्त १७४८ मध्यें जहाजावरील धर्मोपदेशक रिचर्ड वॉल्टर याच्या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यांत या प्रसंगाला चार ओळीच मिळाल्या आहेत. पण त्या वाचून मन सुन्न होतें. पडलेला माणूस जहाजावरील उत्तम खलाशांपैकीं होता. त्या प्रचंड लाटांतही तो जोरानें पोहत असलेला सर्वांस दिसत होता. जहाज त्याच्याकडे वळवितां येत नव्हतें. होडी सोडली तर ती उलटणार हें उघड होतें. वृत्तान्तकारास खरें दुःख होतें तें तो बुडाला याचें नव्हे. तो ज्या रीतीनें पोहत होता त्यावरून तो दृष्टिआड झाल्यावरही बराच वेळ शुद्धीवर राहील आणि आपली सुटका नाहीं हें त्यास कळत राहील, याचें. पोहणें मरणास लांबवितें, ही खलाशांची समजूत ती हीच.

अठ्ठावन्न वर्षांनंतर, १७९९ मध्यें, विल्यम कूपर या इंग्रज कवीनें याच प्रसंगावर ‘द कास्टअवे’ ही कविता लिहिली. कूपर आयुष्यभर विषादरोगानें पीडित होता, आणि त्या खलाशाच्या ठिकाणीं त्यानें स्वतःस पाहिलें. काव्य म्हणून तिची थोरवी सर्वमान्य आहे. आपणांस येथें वेगळीच गोष्ट लक्षांत घ्यावयाची आहे. ॲन्सनच्या या सफरींत रक्तपितीनें शेंकडों माणसें मेलीं. त्यांच्यावर कोणी कविता लिहिली नाहीं. हा एक मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत, शरीरानें धडधाकट असतां, मदतीच्या हांकेच्या टप्प्यांत असतां गेला. म्हणून तो पाहणारांच्या आणि वाचणारांच्या मनांतून गेला नाहीं.

हांकेचा हा टप्पा किती लवकर संपतो, याचा थोडा हिशेब करूं. जहाज ताशीं ८ सागरी मैल चालत असेल तर अर्ध्या मिनिटांत तें सुमारें १२० मीटर पुढें जातें. पाहणारानें ओरडावें, सुकाणूवाल्यानें ऐकावें आणि कप्तान वर यावा, एवढ्यांतच हें अर्धें मिनिट जातें. शिडाचें जहाज जागच्या जागीं थांबत नाहीं. मधल्या डोलकाठीचीं शिडें उलट वाऱ्यास धरून त्याचा वेग मोडावा लागतो. मग होडीचे बंध सोडून ती खालीं उतरवावयाची आणि वल्हीं मारीत मागें जावयाचें. वादळी हवेंत या खटाटोपास दहा मिनिटें सहज लागत. वेग मोडण्यापूर्वींच जहाज कित्येकदां अर्ध्या मैलाहून पुढें गेलेलें असे. शिवाय वारा पाठीमागून जोराचा असतां जहाज एकदम फिरविलें तर डोलकाठ्याच मोडून पडण्याचें भय. आगबोटी आल्या तेव्हां थांबणें सोपें होईल असें वाटलें. पण वेगही वाढला. ताशीं २० सागरी मैल चालणारी आगबोट एका मिनिटांत ६०० मीटरांहून अधिक अंतर कापते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत विल्यमसन नांवाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानें जहाज एका बाजूस ठराविक अंशांपर्यंत वळवून नंतर उलट बाजूस पूर्ण फिरवीत आपल्याच मागावर परत आणण्याची युक्ति रूढ केली, ती आजही त्याच्या नांवानें ओळखली जाते. अंधारांत किंवा धुक्यांत, माणूस केव्हां पडला हें नक्की ठाऊक नसतां, तिचा उपयोग मोठा आहे. परंतु ती जहाजास परत आणते. माणूस दाखवीत नाहीं.

कारण माणूस दिसणें हीच यापुढची अडचण. पाण्यावर पडलेल्या माणसाचें केवळ डोकें वर असतें, म्हणजे एखाद्या नारळाएवढी वस्तु. त्याचे स्वतःचे डोळे पाण्याच्या पृष्ठापासून वीतभरच उंच असतात, त्यामुळें शांत समुद्रांतसुद्धां त्याचें क्षितिज दोन किलोमीटरच्या आंतच असतें. लाटा तीन-चार मीटर उंचीच्या असल्या तर तो बहुतेक वेळ दोन लाटांमधील दरींत असतो. तो शिखरावर यावा, पाहणाराचेंही जहाज त्याच क्षणीं शिखरावर असावें, आणि पाहणाराची दृष्टि नेमकी त्या दिशेस असावी, असा तिहेरी योग जुळेल तेव्हांच तो क्षणभर दिसणार. त्यांत लाटांच्या माथ्यांवरचा पांढरा फेस शेंकडों खोटीं डोकीं दाखवितो. म्हणूनच पडलेल्याकडे बोट रोखून एका माणसानें उभें रहावें, त्यानें दुसरें कांहींही करूं नये आणि डोळा क्षणभरही हलवूं नये, हा नियम आजच्या जहाजांवरही पाळतात. यंत्रें किती आलीं, पण हें बोट अजून निवृत्त झालेलें नाहीं.

या सर्व अडचणी असूनही कोणी वांचत असे काय? वांचल्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ॲन्सनच्याही आधींची, १६२० सालची आहे. इंग्लंडहून अमेरिकेस जाणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावर जॉन हाउलंड नांवाचा एक तरुण नोकर होता. अटलांटिक महासागरांत वादळ चालू असतां तो वर डेकवर आला आणि जहाजाच्या एका हेलकाव्यानें समुद्रांत गेला. डोलकाठीवरील वरच्या शिडाचा दोर सुटून पाण्यांत लोंबत होता, तो त्याच्या हातीं लागला. कित्येक वांव पाण्याखालीं गेला तरी त्यानें तो सोडला नाहीं. लोकांनीं दोर ओढून त्यास पृष्ठाजवळ आणलें आणि आंकडीनें वर घेतलें. या वसाहतीचा पुढें गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डनें ही हकीकत लिहून ठेविली आहे, आणि तींत तो ईश्वरी कृपा पाहतो. त्याच्या श्रद्धेस धक्का न लावतां एक गोष्ट निदर्शनास आणावीशी वाटते. त्या वेळीं वादळामुळें ‘मेफ्लॉवर’ शिडें उतरवून, पुढें न जातां, लाटांवर नुसतें डोलत होतें. तेंच जहाज भर शिडांनीं धांवत असतें तर दोर त्या तरुणाच्या हातांतून हिसकला गेला असता. हाउलंड वांचला तो पोहला म्हणून नव्हे. जहाजाशीं त्याचें नातें तुटलें नाहीं म्हणून. तो पुढें पन्नासाहून अधिक वर्षें जगला, त्यास दहा मुलें झालीं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट व दोघे बुश त्याच्या वंशांतले. एका लोंबत्या दोरावर किती घराणीं टांगलेलीं होतीं, हें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें.

आतां पाण्याकडे वळूं. विसाव्या शतकापर्यंत समुद्रांत मेलेला प्रत्येक माणूस ‘बुडाला’ असेंच मानीत. ता. १५ एप्रिल १९१२ च्या पहांटे ‘टायटॅनिक’ बुडालें तेव्हां समुद्र शांत होता आणि पाण्यांत पडलेल्या शेंकडों लोकांच्या अंगांवर बुचाचे पट्टे होते. ते पट्टे त्यांस तरंगत ठेवण्यास समर्थ होते, आणि त्यांनीं तरंगत ठेविलेंही. जहाज बुडाल्यावर दोन तासांच्या आंतच ‘कार्पाथिया’ तेथें पोंचली. तरीही पाण्यांत राहिलेल्यांपैकीं जवळजवळ कोणी जिवंत नव्हतें. पाण्याचें उष्णतामान शून्याखालीं सुमारें २ अंश सेल्सियस होतें. इतका ढळढळीत पुरावा असूनही ‘बुडून मृत्यु’ हा शब्दप्रयोग सुटला नाहीं, आणि शब्द सुटला नाहीं म्हणून विचारही पुढें सरकला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्यें, ब्रिटिश नौदलाच्या टॅलबट समितीचा अहवाल आला. युद्धांत मेलेल्या नौसैनिकांचा फार मोठा भाग शत्रूच्या तोफगोळ्यांनीं नव्हे, तर जहाज सोडल्यानंतर पाण्यांत व तराफ्यांवर मेला, असें त्यांत दिसून आलें. तेव्हां कोठें शरीरशास्त्रज्ञ या प्रश्नाकडे नेटानें वळले.

त्यांनीं जें शोधून काढलें तें सामान्य कल्पनेस धक्का देणारें आहे. पाणी उष्णता वाहून नेण्यांत हवेच्या सुमारें २५ पट समर्थ आहे, म्हणून थंडीनें माणूस मरतो हें खरें. पण त्या मरणास वेळ लागतो. गोठणबिंदूजवळच्या पाण्यांतही निरोगी प्रौढ माणसाचें अंतरंग धोक्याइतकें निवण्यास साधारण अर्धा तास लागतो. बहुतेकांस तेवढा वेळच मिळत नाहीं. थंड पाण्याचा स्पर्श त्वचेस होतांच माणूस अनिच्छेनें मोठा श्वास आंत ओढतो. त्या क्षणीं तोंड पाण्याखालीं असेल तर तो श्वास पाण्याचाच असतो. पाठोपाठ एक-दोन मिनिटें श्वास इतका भरभर चालतो कीं तो आवरतां येत नाहीं. रक्तदाब चढतो, हृदय दुबळें असल्यास तेथेंच थांबतें. यांतून जो निभावतो त्याचे हात-पाय दहा-वीस मिनिटांत निकामी होऊं लागतात. बोटें दोर धरीत नाहींत, पट्ट्याची गांठ मारीत नाहींत, फेकलेलें कडें पकडीत नाहींत. पट्टीचा पोहणारा येथें सामान्य माणसाच्याच पंक्तीस येऊन बसतो. कारण पोहण्याची विद्या डोक्यांत असली तरी ती करणारे स्नायु थंडीच्या ताब्यांत गेलेले असतात. शिवाय पोहण्यानें अंगाभोंवतीं नवें थंड पाणी खेळत राहतें आणि उष्णता अधिकच वेगानें जाते. ‘सेंचुरियन’वरचा तो खलाशी फार वेळ शुद्धीवर राहिला असेल अशी वॉल्टरची समजूत होती. केप हॉर्नजवळच्या पाण्याचा विचार करतां तिच्यापेक्षां सत्य थोडें दयाळू असावें असें मानण्यास जागा आहे.

आमचा अरबी समुद्र उबदार, तेव्हां हें संकट उत्तरेकडच्यांचें, असें म्हणून चालणार नाहीं. डिसेंबर १९६३ मध्यें मदीरा बेटाजवळ ‘लाकोनिया’ या प्रवासी जहाजास आग लागली आणि १२८ माणसें गेलीं. तेथील पाणी सुमारें १८ अंशांचें होतें, म्हणजे सुट्टीतील प्रवाशास सुखद वाटावें असें. तरीही पट्टे बांधून तरंगणारे कित्येकजण कांहीं तासांत थंडीनेंच मेले. आणखी उबदार पाण्यांत थंडीचें काम थकवा आणि लाटा करतात. ता. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळांत मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं. अनेकांनीं जीवरक्षक जाकिटें घालून पाण्यांत उड्या टाकल्या, एकमेकांचे हात धरून ते रात्रभर लाटांवर राहिले, आणि ‘आयएनएस कोची’ व ‘आयएनएस कोलकाता’ यांसारख्या युद्धनौकांनीं त्यांस वेंचून काढलें. तरीही सत्तराहून अधिक माणसें गेलीं. तराफ्यावरील माणसें कोठें आहेत हें नौदलास ठाऊक असतां ही स्थिति. एकट्या पडलेल्याची काय कथा! उलट बाजूचा एक दाखलाही सांगितला पाहिजे. एप्रिल २०१३ मध्यें सुमात्राजवळ दक्षिण आफ्रिकेचा एक प्रवासी रात्रीं बोटीवरून पडला, कोणासही कळलें नाहीं, आणि जाकिटावांचून अठ्ठावीस तासांहून अधिक काळ तो पाण्यावर टिकला. तें पाणी विषुववृत्ताजवळचें होतें. आणि एका अनुभवी कप्तानानें प्रवाहांचा हिशेब करून, इतरांहून वेगळ्या ठिकाणीं शोध केला, म्हणून तो सांपडला.

जहाज परत आलें आणि माणूस सांपडला, तरी संकट संपत नाहीं. जहाजाची बाजू ही पाण्यांतील माणसाच्या दृष्टीनें ओली भिंत असते. ती डोलत असतां तिचा खालचा भाग डोक्यावर आदळण्याचें भय असतें. निर्जीव झालेल्या हातांनीं शिडी चढतां येत नाहीं. त्यास दोरानें उभा ओढून वर घेतलें तर कांहींजण नेमके वर येतांनाच, किंवा डेकवर पाय टेकल्यावर, प्राण सोडीत. पाण्याचा दाब शरीरास सर्व बाजूंनीं आधार देत असतो. तो एकाएकीं गेला म्हणजे रक्त पायांकडे उतरतें आणि थकलेल्या हृदयास तें पेलवत नाहीं. शक्य असल्यास माणसास आडवाच वर घ्यावा, ही आजची रीत या कटु अनुभवांतून आली आहे.

संरक्षणाच्या साधनांचा इतिहास सांगावयाचा तर तो दुःखाच्या मागून लंगडत चालला आहे. इंग्लंडच्या जीवरक्षक संस्थेचा अधिकारी कॅप्टन वॉर्ड यानें १८५४ मध्यें बुचाचें जाकीट तयार केलें; पण ९ फेब्रुवारी १८६१ रोजीं व्हिटबी येथें जीवरक्षक नौका उलटून तेरांपैकीं बारा माणसें गेलीं, आणि नवें जाकीट घातलेला हेन्री फ्रीमन हा एकटाच उरला, तेव्हां लोकांस तें पटलें. आज बोटीवरील बटण दाबतांच माणूस पडला ती जागा नकाशावर उमटते, गळ्यांतील लहान यंत्र उपग्रहास हांक मारतें. पण सर्वांत भरंवशाचें साधन अजूनही हाउलंडच्या हातांतलेंच आहे: दोर. कमरपट्ट्यास दोर बांधून तो बोटीस अडकवावा, म्हणजे पडणेंच टळावें.

हा दोर जाणत्यांसच नकोसा वाटतो, ही मोठी विचित्र गोष्ट. फ्रान्सचा एरिक ताबार्ली हा अटलांटिकपार एकट्याची शर्यत १९६४ व १९७६ मध्यें जिंकलेला, देशभर पूज्य मानला गेलेला दर्यावर्दी. जून १९९८ मध्यें आयरिश समुद्रांत, रात्रीं, आपल्या लाडक्या ‘पेन ड्युइक’ बोटीवर शीड बदलीत असतां शिडाचा वरचा वासा लागून तो पाण्यांत फेकला गेला. अंगावर जाकीट नव्हतें, दोर नव्हता. सोबत्यांस तो अंधारांत सांपडला नाहीं; कांहीं आठवड्यांनीं एका मासेमारी बोटीच्या जाळ्यांत त्याचा देह आला. वय सहासष्ट होतें, आणि बहुतेक आयुष्य समुद्रावर गेलेलें होतें.

ताबार्लीस निदान जाकीट तरी नको होतें. जॉन फिशर यानें सर्व कांहीं घातलेलें होतें. जगाभोंवतीच्या शर्यतींत ‘स्कॅलीवॅग’ बोटीवरून तो मार्च २०१८ मध्यें दक्षिण महासागर ओलांडीत होता. केप हॉर्न पूर्वेस सुमारें १,४०० सागरी मैलांवर होतें. बोटीच्या पुढील भागाकडे एक दोर आवरण्यासाठीं जातांना त्यानें आपला बंध क्षणभर सोडला. त्याच क्षणीं एका प्रचंड लाटेवरून घसरतांना बोटीचें शीड अकल्पित एका बाजूहून दुसऱ्या बाजूस फिरलें आणि शिडाच्या दोरांच्या तडाख्यानें तो समुद्रांत गेला. सोबत्यांनीं खुणेचें कडें टाकलें, बोट आवरून वाऱ्याविरुद्ध मागें आणली, कित्येक तास शोध केला. वारा वाढतच होता, आणि जवळपास दुसरें जहाज नव्हतें. उरलेल्यांच्या प्राणांचा विचार करून कप्तानानें शेवटीं बोटीचें तोंड चिलीच्या किनाऱ्याकडे वळविलें.